केव्हलरची हलकी कनू उन्हाने तपकिरी पडलीय, टपावरून नेताना आणि पावसाळ्यात ठेवताना कशी जपायची?

खाडीवरची_वल्ही

नमस्कार मंडळी, मी कुडाळला राहते, आजोळ देवबागला, म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी अशी जी चिंचोळी पट्टी आहे तिथे. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकांकडून सेकंडहँड कनू (वल्ह्याची निमुळती होडी) घेतली, १६ फुटी, केव्हलर नावाच्या दणकट धाग्याच्या कापडाची, वजन फक्त १९ किलो. मुद्दाम हलकी बघितली कारण मला ती एकटीला खांद्यावर घेऊन गाडीच्या कॅरिअरवर चढवता यायला हवी होती, प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारा, मग ते येईपर्यंत भरती उतरली, असं नको होतं. बाहेरून रंग नाही, जेलकोट (फायबरच्या होडीवरचा रंगीत कडक थर) नाही, नुसतं पारदर्शक रेझिन आणि त्यातून कापडाची वीण दिसते. घेतली तेव्हा हळदीसारखी पिवळीधम्मक होती.

गेल्या वर्षी मार्चपासून मेअखेरपर्यंत ती मामाच्या वाडीत माडाच्या बुंध्याशी पालथी घालून ठेवली होती, वरून निळी ताडपत्री घट्ट गुंडाळून सुंभाने आवळून बांधलेली. मला वाटलं झाकली म्हणजे झालं. पावसाच्या तोंडावर सोडायला गेले तर ताडपत्रीच हातात तुकडे होऊन यायला लागली, निळे पापुद्रे सगळ्या अंगणात. खाली कनूचा तळ कोऱ्या चहासारखा तपकिरी झालेला, बोट फिरवलं की बोटाला पांढरी पावडर लागते, आणि जिथे जिथे ताडपत्री अंगाला चिकटून होती तिथे दुधट डाग. पुढच्या टोकाला जिथे रेतीवर घासते तिथे बारीक लव उभी राहिलीय, पिवळी, काथ्यासारखी. या वर्षी तशीच वापरली, गळत बिळत नाही, पण डाग वाढलेत असं वाटतंय.

आता एप्रिल संपत आलाय, पाऊस यायला महिना सव्वा महिना आहे. मला हे विचारायचंय की ही खराबी किती खोल गेली असेल, वर नक्की काय लावायचं (एकाने गाडीच्या टायरचं पॉलिश लाव म्हणून सांगितलं, चमकतं छान), कुडाळहून देवबाग किंवा आचऱ्याला टपावरून नेताना झाकायची का नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने ठेवायची कुठे. मामाकडे पत्र्याची एक शेड आहे पण दुपारी तिच्यात उभं राहवत नाही. खूप जीव आहे या होडीवर, तिच्यामुळे मी वयाच्या चाळीशीत आजोळची खाडी पहिल्यांदा पाण्यातून बघितली. कुणी अनुभवाने सांगा.

रेझिन_आणि_मॅट

ताई, मी रत्नागिरीत फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतो, केव्हलरची कामं आमच्याकडे कमी येतात पण आलीत. पहिलं म्हणजे घाबरू नका, तुम्ही जे चार प्रकार लिहिलेत ते चारही वेगळे आजार आहेत, एकच नाही.

तपकिरी रंग हा धाग्याचा आहे. केव्हलर १९६५ साली ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंनी शोधलं, तेव्हा टायरमध्ये घालायला हलका आणि दणकट धागा हवा होता म्हणून तो शोध चालला होता. आता टायरच्या आत ऊन जात नाही. बुलेटप्रूफ जाकिटातसुद्धा तो खोळीत बंद असतो. ऊन हा त्या धाग्याचा जन्मजात शत्रू, अतिनील किरणांनी त्याची साखळी तुटते आणि रंग पिवळ्याचा सोनेरी, सोनेरीचा तपकिरी होतो. पण एक चांगली गोष्ट अशी की वरचा थर काळवंडला की तोच खालच्या थराला आडोसा करतो, म्हणून नुसता रंग बदलला म्हणजे होडी कुजली असं नाही. माझ्याकडे एक आली होती ती पार गुळासारखी झालेली, आतून बघितली तर वीण पिवळीच होती. तुम्ही पण आतल्या बाजूने बघा.

पांढरी पावडर ही रेझिनची. एपॉक्सी असो की व्हिनाइल एस्टर, उघडं पडलं की वरचा पातळ थर उन्हाने जळून भुकटी होतो आणि दर वेळी ती भुकटी पुसली गेली की खालचा नवा थर उघडा पडतो, असं करत करत एक दिवस धागा वर येतो. म्हणजे खरी काळजी रंगाची नाही, या भुकटीची करायची.

दुधट डाग म्हणजे ओल. ताडपत्रीच्या आत रात्री दंव धरतं, दिवसा ते तापतं, बाहेर जायला वाट नाही, मग ते गरम पाणी रेझिनमध्ये शिरतं. तीनचार आठवडे वाऱ्यावर सावलीत ठेवली तर बरेचसे डाग विरून जातात, जे राहतील त्यांना नखाने टकटक करून बघा, कोरा टणक आवाज आला तर ठीक, पोकळ भद आवाज आला तर थर सुटलाय, तो भाग मला किंवा कुणाही फायबरवाल्याला दाखवा.

लव मात्र लगेच बंद करायची. आणि ती घासून काढायला जाऊ नका!! केव्हलर पॉलिश पेपरने घासलं जात नाही, तो धागा तुटायच्या ऐवजी फुलतो, जितकं घासाल तितकी लव वाढेल. धारदार नव्या ब्लेडने आडवी कापायची, मग त्यावर पातळ एपॉक्सी ब्रशने दाबून बसवायचं आणि वर जाड प्लॅस्टिकचा तुकडा टेप लावून ठेवायचा, सुकल्यावर प्लॅस्टिक उचललं की खाली गुळगुळीत. रेतीवर घासणारं टोक आहे तर तिथे काचेच्या कापडाची (फायबरग्लासची) छोटी पट्टी अजून एक बसवा, काचेचं कापड नंतर घासता येतं.

बाकी अंगाचं काम असं. गोड्या पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवा, स्कॉचब्राइटने. एपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर असतो तो थिनरने जात नाही, पाण्यानेच जातो, म्हणून धुणं आधी आणि थिनरचा फडका नंतर. मग २२० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने, फक्त चमक मारण्यापुरता. पाण्यात येणारा मळ पांढरा आहे तोवर चालू द्या, पिवळा दिसला की त्या जागी हात उचला, तुम्ही धाग्यावर आलात. नंतर पुसून, पूर्ण वाळवून वर यूव्ही वाला मरीन व्हार्निश किंवा दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, दोन ते तीन पातळ हात. जाड एक हात कधीच नको. व्हार्निशमध्ये अतिनील किरण शोषणारा घटक असतो, तोच तुमच्या धाग्याच्या ऐवजी ऊन खातो, आणि म्हणूनच तो संपतो, दोनतीन वर्षांनी परत हात मारावा लागतो.

वेळ साधायची आहे. आत्ता किनाऱ्यावर सकाळी दंव असतं आणि संध्याकाळी खारा दमट वारा, म्हणून साधारण नऊ साडेनऊला अंग कोरडं झाल्यावर सुरू करा, सावलीत, आणि दुपारी दोनच्या आत शेवटचा हात संपवा. गरमीत मिश्रण डब्यातच घट्ट व्हायला लागतं म्हणून थोडं थोडं कालवा. पीयू वापरणार असाल तर साधा कापडी मास्क बिलकुल चालणार नाही, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं की कायमचा दमा लागू शकतो. कार्ट्रिजवाला मास्क, मोकळी जागा आणि ब्रशने, स्प्रे घरी नको. हे जमत नसेल तर व्हार्निश घ्या, त्यातही तुमचं काम होईल. मनापासून सांगतोय, आमच्या धंद्यातल्या लोकांची छाती मी बघितलीय.

टायर पॉलिशचं उत्तर एका शब्दात, नको. बहुतेकांत सिलिकॉन तेल असतं, ते एकदा अंगात मुरलं की पुढे व्हार्निश धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात आणि कितीही पुसलं तरी जात नाही.

माडवाडी

देवबाग म्हटलं म्हणून लिहितोय, आम्ही आचऱ्याकडचे, घरात तीन पिढ्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या. केव्हलर मला कळत नाही, पण होडी उन्हात कशी ठेवायची नाही हे लहानपणापासून बघितलंय.

आधी एक, माडाखाली ठेवू नकोस पोरी. तुझ्या होडीचं वजन १९ किलो म्हणतेस, म्हणजे अंग किती पातळ असेल. वरून दीड किलोचा नारळ सुटला तर उन्हाचा प्रश्नच राहणार नाही. आणि नारळ काढले तरी पिकली झावळी कधी येईल सांगता येत नाही, तिच्या देठाची बाजू खाली येते ती कुऱ्हाडीसारखी. सावली माडाची दिसते पण ती सावली फिरती असते, सकाळी इथे दुपारी तिथे, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, उभ्या काठीची सावली पडत नाही तर भिंतीला टेकवलेल्या होडीला कुठून मिळणार. पालथ्या होडीचा तळ सपाट, तो सगळा ताप सरळ अंगावर घेतो. त्यात देवबागची पांढरी रेती, ती खालून ऊन परत फेकते.

आमचे आजोबा लाकडी होडी वर घेतली की तिला आतबाहेर तेल राळ करायचे आणि मग तिच्यावर झापांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, मांडव. मांडव म्हणतोय, पांघरूण नाही. चार मेढी, वर पोफळीचे वासे, त्यावर विणलेली झापं, आणि झापं आणि होडीच्या तळामध्ये निदान हातभर मोकळी जागा. दोन्ही टोकं उघडी, समुद्राकडून वारा आत आणि दुसरीकडून बाहेर. मी लहान असताना एकदा मोठ्या हौशेने झापं सरळ होडीवरच अंथरली तर आजोबांनी सगळी काढायला लावली, म्हणाले "होडयेक सावळी होयी, घोंगडी नको." तुझ्या निळ्या ताडपत्रीचं हेच झालं बघ, घोंगडी घातलीस.

झाप आता कुणी विणत नाही असं म्हणतात पण तुमच्या देवबागला अजून विणता येणारी माणसं आहेत, मामीला विचार. हिरवट झावळी मधोमध उभी चिरायची, आठवडाभर पाण्यात भिजत घालायची, खाडीच्या पाण्यात चाललं तर अजून बरं, त्याने कीड कमी लागते, मग पाती एकाआड एक घालत विणायची. भिजवलेली नसेल तर पाती चिरतात आणि विणलेलं झाप आक्रसून फटी पडतात. ताजं झाप हातात घेऊन उन्हाकडे धर, जिथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तिथे दुसऱ्या झापाचा पदर यायला पाहिजे, म्हणजे अर्ध्यावर अर्धं असं लावत जायचं वरच्या दिशेने, कौलं लावतात तसं. एक पावसाळा आरामात काढतं. वाऱ्याला मात्र सुंभाने आडवं बांधून घ्यायचं, देवबागचा जूनचा वारा तुला मी सांगायला नको.

जमिनीवर ठेवू नको, लाकडी कड असेल तर वाळवी लागेल. लाकडी घोड्यावर (आडव्या दांड्याच्या तिवईवर) ठेव, गुडघ्याच्या वर.

टपावरचा_प्रवासी

ट्रान्सपोर्टचं मी सांगतो कारण त्यात माझं नुकसान झालंय. माझ्याकडे फायबरची कयाक आहे, लाल जेलकोट, रत्नागिरीहून विजयदुर्गला वाघोटन खाडीत न्यायची होती, मे महिना, मी शहाणपणा करून जुनी जाड चादर वरून घातली आणि दोरीने बांधली. हायवेला लागल्यावर चादर फडफडायला लागली, मी म्हटलं बांधलीय तर जाईल कुठे, राजापूरला चहाला थांबलो तेव्हा काढून बघितली तर दोन्ही बाजूंना विताएवढा पट्टा पार निस्तेज झालेला, हात लावला तर खरखरीत. रस्त्याची तांबडी धूळ चादरीखाली शिरली आणि चादर तासभर तिच्यावर पॉलिश पेपर फिरवत राहिली. म्हणजे उन्हाने पाच वर्षांत केलं नसतं ते चादरीने तासाभरात केलं. नंतर रबिंग कंपाउंड आणि मेण लावून बरंच आलं पण तो पट्टा तिरक्या उजेडात अजून दिसतो.

तेव्हापासून माझा नियम असा की तास दोन तासांच्या प्रवासाला झाकायचंच नाही, त्यापेक्षा निघायची वेळ बदलायची. पहाटे साडेपाचला निघालो की आठच्या आत पोचतो, तेवढ्या कोवळ्या उन्हाने काही होत नाही. कुडाळ देवबाग तर तासाभराचं अंतर, तुम्हाला झाकायची गरजच नाही. लांबचा प्रवास असेल, सहा सात तासांचा, तर मापाची शिवलेली खोळ पाहिजे, अंगाला गच्च बसणारी, आतून मऊ अस्तर, तोंडाला नाडी, आणि खोळ घालायच्या आधी होडी धुतलेलीच पाहिजे. आमच्याकडे रिक्षाची हुडं शिवणारे शिवून देतात, त्यांच्याकडे जाड सुई आणि उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा दोरा असतो, साध्या सुती दोऱ्याची शिवण एका सीझनमध्ये उसवते. रंग पांढरा किंवा चंदेरी घ्या, काळी निळी घेऊ नका.

आता प्रवासात ऊन लागतं त्यापेक्षा जास्त ते थांबल्यावर लागतं. हॉटेलसमोर दुपारी तासभर गाडी उभी, वारा नाही, खाली काळा टप तापलेला. घरगुती तापमानाला सुकवलेलं एपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यात काळ्या टपाचा पत्रा त्याच्या वर सहज जातो. त्यात तुम्ही पट्टा रॅचेटने (दांडा मागेपुढे करून आवळायच्या कळीने) करकचून आवळलेला असेल तर होडीच्या अंगाला कायमचा पोचा पडतो. रॅचेट हलक्या होडीला वापरूच नका, कॅम बकलचे पट्टे घ्या, हाताने ओढून जेवढा ताण येतो तेवढाच पुरे, आणि जेवायला थांबलात तर पट्टे बोटभर सैल करा, निघताना परत ओढा. हे विसरायचं नाही म्हणून मी किल्ली पट्ट्याच्या शेपटीला बांधून ठेवतो, सैल केला की किल्ली तिथेच, ओढल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

पट्टे पण उन्हाने मरतात हे कुणी बघत नाही. स्वस्तातले पॉलिप्रॉपिलिनचे पट्टे आणि दोऱ्या सगळ्यात आधी जातात, वरून ठीक दिसतात आणि वाकवले की भुसा पडतो. नायलॉन ओला झाला की ताणतो म्हणजे पावसात आपोआप सैल. पॉलिएस्टर बघून घ्या. पट्ट्याला एक पीळ द्या नाहीतर वाऱ्याने भोंग्यासारखा आवाज करतो आणि फडफडून होडीला घासतो. पुढून आणि मागून बंपरला एकेक दोरी, मागे बाहेर येणाऱ्या टोकाला लाल फडकं, हे तुम्ही करतच असाल.

खाडीवरची_वल्ही

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच. काल देवबागला जाऊन आले आणि सांगितल्याप्रमाणे बघितलं.

आतून वीण पिवळीच आहे!! सीटच्या खाली जिथे कधीच ऊन जात नाही तिथे अगदी घेतली तेव्हाची हळद, आणि कडेच्या पट्टीच्या जरा खाली बाहेरून सुद्धा जिथे सावली पडते तिथे एक बोटभर पिवळी रेघ राहिलीय, तपकिरी आणि पिवळ्याची हद्द कुणी पट्टीने आखावी तशी सरळ. ती रेघ बघून मला कळलं की झाकणं आणि सावली यात काय फरक आहे, तिथे तर ताडपत्री पोचलीच नव्हती.

दुधट डाग टकटक करून बघितले, एक सोडून सगळे टणक. एक जो मागच्या बाजूला आहे, पुरीएवढा, तो भद वाजतो. त्याचा फोटो रत्नागिरीच्या दादांना पाठवते. पाणी ओतून पण बघितलं, बाजूंना थेंब धरतात आणि तळाला पाणी पसरतं आणि तो भाग गडद होतो, म्हणजे तिथे रेझिन संपत आलंय असंच ना?

मामी झापं विणायला तयार आहे पण तिचं म्हणणं पाऊस झापांतून थोडा थोडा येणारच, चार महिने ओल राहील. पत्र्याच्या शेडमध्येच ठेवून काही करता येईल का? आणि ते ३०३ म्हणून उन्हापासून वाचवणारा एक स्प्रे येतो तो कुणी वापरलाय का?

रेझिन_आणि_मॅट

हो, पाणी पसरून गडद होतं म्हणजे धागा पाणी पितोय, तिथे व्हार्निशच्या आधी पातळ एपॉक्सीचा एक हात द्या, रोलरने, जास्तीचं जुन्या प्लॅस्टिक कार्डाने ओढून काढा नाहीतर वजन वाढेल. सगळ्या तळाला जाड थर दिलात तर १९ ची २२ किलो व्हायला वेळ लागत नाही आणि मग हलकी घेतल्याचा उपयोग काय. पुरीएवढा जो डाग आहे तो स्वतः फोडू नका, फोटो बघून सांगतो.

३०३ एरोस्पेस प्रोटेक्टंट चांगलं आहे, कयाकवाले जगभर वापरतात, पुसून लावायचं, चिकट राहत नाही. पण ते व्हार्निशच्या जागी नाही, व्हार्निशच्या वर. साधारण महिना दीड महिन्याने परत लावावं लागतं, तुम्ही खाऱ्या पाण्यात जाता तर महिन्यालाच. आणि क्रम चुकवू नका, आधी दुरुस्ती, मग व्हार्निश, ते पूर्ण पिकायला आठवडा दोन आठवडे, आणि मग हे. आधी लावलंत तर व्हार्निश धरण्याची खात्री देता येणार नाही.

कलमं_आणि_रोपं

मी होडीवाला नाही, सावंतवाडीकडे नर्सरी आहे, काजू आंबा कलमं. पण सावलीचा धंदा आमचाच आहे म्हणून बोलतो.

शेडनेट घ्या. ५०, ७५, ९० टक्के अशी येते, तो आकडा म्हणजे किती उजेड अडवते तो. रोपांना आम्ही ५० किंवा ७५ वापरतो कारण त्यांना थोडं ऊन लागतं, तुमच्या होडीला काहीच नको म्हणून ९० घ्या, आणि एक जाड पदर घेण्यापेक्षा दोन पदर मध्ये वीतभर अंतर ठेवून बांधा, वरचा पदर तापतो आणि त्याचा ताप मधल्या वाऱ्यात निघून जातो, खालचा थंड राहतो. हिरव्याकाळ्या नेटपेक्षा पांढरी किंवा चंदेरी मिळाली तर उत्तम. यूव्ही स्टॅबिलाइज्ड लिहिलेली बघून घ्या, स्वस्तातली नेट पण त्या निळ्या ताडपत्रीसारखी एका उन्हाळ्यात भुगा होते. आणि लक्षात घ्या की नेटखाली थोडं ऊन येतंच, दिवसाला १० टक्के म्हटलं तरी १० दिवसांचा एक पूर्ण दिवस झाला, म्हणून नेट म्हणजे वर्षभराची सोय समजू नका.

ढगाळ दिवशी काही होत नाही असं पण समजू नका, ढगातून अतिनील किरण बरेच येतात, आमच्या नेट पावसाळ्यात सुद्धा विटतात.

पत्र्याची शेड मला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटते, फक्त पत्र्याला आतून मांडव करा. पत्र्याच्या हातभर खाली बांबूंवर तुमची ती झापं अंथरा, म्हणजे पाऊस पत्रा अडवेल आणि ताप झापं अडवतील, मामींचा ओलीचा प्रश्न सुटला आणि झापं भिजत नाहीत म्हणून दोनतीन वर्षं टिकतील पण. आम्ही पॅकिंग शेडला हेच केलंय. पत्र्याच्या दोन्ही टोकांना वरती त्रिकोणात जाळी ठेवा, गरम हवा वर जमते ती तिथून गेली पाहिजे. आणि होडी वर टांगू नका, शेडमध्ये सगळ्यात गरम हवा वरती असते.

माडवाडी

नर्सरीवाल्यांचं बरोबर आहे, पत्र्याखाली झाप, हे आम्ही पण मांगरात (सामान ठेवायच्या खोपटात) करतो. होडी खाली घोड्यावरच. दोन घोडे, दोन्ही टोकांपासून साधारण पावभाग आत, नुसत्या टोकांवर टेकवलीस तर मध्ये झोळ येईल. घोड्याच्या माथ्यावर जुन्या जाळ्याचा गुंडाळा बांध म्हणजे कड घासणार नाही.

आणि आत ठेवायच्या आधी मीठ धू. आत, सीटखाली, टोकाच्या बंद कप्प्यांत, सगळीकडे गोडं पाणी. मीठ राहिलं की ते पावसाळाभर हवेतली ओल ओढत राहतं. कप्प्यांची झाकणं उघडी ठेव पण त्यांना बारीक जाळी बांध, उंदीर शिरले तर फोम कुरतडून पिल्लं घालतात. महिन्यातून एकदा तरी मामाला हात फिरवायला सांग.

टपावरचा_प्रवासी

एक राहिलं, लाइफ जॅकेट आणि वल्ही पण त्याच सावलीत ठेवा. जॅकेटचं कापड विटलं असेल तर खांद्याची शिवण दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा, उसवली तर ते जॅकेट पाण्यात घेऊ नका, नवीन घ्या.

खाडीवरची_वल्ही

ठरलं मग. कालच मामाबरोबर शेड मोजली, आतून २१ फूट लांब आहे, होडी आरामात बसते. झावळ्या काल संध्याकाळीच चिरून मागच्या दारी नदीच्या पाण्यात दगड ठेवून भिजत घातल्यात, पुढच्या रविवारी मामी आणि शेजारच्या दोघी विणायला बसणार आहेत आणि मला पण शिकवणार आहेत. मामी म्हणते ४० झापं तरी लागतील. दादा, पुरीएवढ्या डागाचा फोटो तुम्हाला मेसेज केलाय, तुम्ही रत्नागिरीला आणा म्हणालात तर शनिवारी पहाटे पाचला निघेन, न झाकता, पट्टे पॉलिएस्टरचेच घेतलेत. लव ब्लेडने कापून झाली, बोट फिरवलं तर आता टोचत नाही.

जॅकेटची शिवण ओढून बघितली. एकाची टरकन आली, माझ्या भाचीचं होतं ते. दुसरं आजच मागवलं.